उंदराच्या हृदयाची साक्ष

नसीम गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली आणि मी ती खरी मानली नाही. आमच्या जुन्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपने याआधी एका जिवंत माणसाला मारलेलं आहे. आमचे निवृत्त ग्रंथपाल सकाळी दूध घेऊन घरी परतेपर्यंत ग्रुपवर त्यांच्या आत्म्याला शांती मिळूनही गेली होती. शेवटी त्यांनी स्वतःच हात जोडल्याचं चित्र टाकून सगळ्यांचे आभार मानले. त्यामुळे ‘डॉ. नसीम शेख मॅडम यांचे दुःखद निधन’ ही ओळ आणि तिच्याखाली भराभर पडणारी फुलं बघून मी पहिलं काम काय केलं असेल, तर नसीमच्याच नंबरवर फोन लावला. जिच्याबद्दल बातमी आहे तिलाच विचारून घ्यावं, असा सरळ हिशेब. फोन तिच्या धाकट्या भावाने, अन्वरभाईने उचलला. “जाधवसाब, आपा गुजर गई... फजरच्या वक्ताला, पहाटे.” मी विचारलं, “नक्की?” शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पण पलीकडून अन्वरभाई रडता रडताच म्हणाला, “आपा भी यहीच पूछते थे, जाधवसाब. सब को यहीच पूछते थे.”

दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. कब्रस्तानात मी जरा बाजूला, लिंबाच्या सावलीत उभा राहिलो. आमचे एक माजी प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडमचा आपल्या कामावर फार विश्वास होता हो.” मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, ह्यांना भलतीच कोणीतरी मॅडम आठवतायत. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “ते वेलीचं काम तेवढं राहून गेलं. इतकं गाजलेलं काम मध्येच का थांबवलं त्यांनी? तुम्हाला तर ठाऊक असेल.” मी मुठीतली माती टाकली, हात झटकले आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. मला ठाऊक होतं. म्हणजे नसीमने मला जे कारण सांगितलं होतं ते ठाऊक होतं. ते खरं होतं का, याचा मात्र मी इतकी वर्षं उलटसुलट विचार करत आलो आहे, आणि ती मातीखाली गेल्यावरही तो थांबलेला नव्हता.

माझा स्वभाव मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुलूप लावल्यावर मी ते पुन्हा पुन्हा ओढून बघतो. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, की त्याने वांग्यांत काय मारलं याचा विचार करत घरी येतो. नसीमही संशयी होती, पण वेगळ्या रीतीने. माझा संशय माणसांवर, तिचा निकालांवर. माणसांच्या बाबतीत ती इतकी भोळी, की रिक्षावाला मीटर बिघडलंय म्हणाला तर त्याला मीटर दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता द्यायची, आणि वर उतरताना “जरूर जाना हां” असं बजावायची. आकडा मात्र चांगला आला की तिच्या कपाळाला आठी पडायची. वाईट आकड्याला ती कधी छळत नसे. चांगल्या आकड्याची मात्र उलटतपासणी सुरू व्हायची.

आमची ओळख एम.फार्म.च्या वर्गातली. मी पैठणकडच्या एका खेड्यातून आलेला, घरची शेती, शहरात खोली करून राहणारा. ती शहरातल्याच शहागंजची. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि घड्याळ कधी बंद पडलं हे गिऱ्हाईक सांगतं त्यावर विसंबायचं नाही, मागचं झाकण उघडायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. पहिल्या प्रॅक्टिकलला प्राण्याच्या आतड्याचा तुकडा काचेच्या नळीत टांगून त्यावर औषधाचे थेंब सोडायचे होते. तो आकसला की काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. माझी रेघ अशी देखणी आली, की सर सगळा वर्ग घेऊन बघायला आले. सगळे गेल्यावर बाजूच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, “दोन थेंबांच्या मधी नळीतलं पाणी बदललं होतंस का?” मला वाटलं, जळते. पाणी मी बदललेलंच होतं, तरी मी सगळं पुन्हा केलं, कारण तिने विचारलं ते टोमण्याने नाही, खरोखरच जाणून घ्यायला विचारलं होतं आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. दुसरी रेघही तशीच आली. “छान,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता स्वतःचं काम करायला लागली.

पुढे दोघांना एकाच कॉलेजात नोकरी लागली आणि आमची प्रयोगशाळा सामाईक झाली. तिथे नसीमचा एक नियम होता, आणि त्याला तिने नाव दिलं होतं परदा. प्रयोग ज्याचा, निकालाची ज्याला घाई, त्याने मोजमाप घ्यायचं नाही. कोणत्या बाटलीत औषध आणि कोणत्या बाटलीत नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. तिसऱ्याच माणसाने बाटल्यांवर खुणा करायच्या आणि त्यांचा अर्थ शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवायचा. ही रीत पुस्तकात सगळेच वाचतात, पण पाळताना अर्धेअधिक लोक आपल्याच बोटांच्या फटीतून बघतात. नसीम बघू द्यायची नाही. “परदा टाक, जाधव. मग बोल.” एकदा ती आमच्याकडे जेवायला आली आणि मी सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लिंबाच्या लोणच्याची अशी काही तारीफ केली, की नसीमला राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन तिने सारख्याच वाट्यांत तीन लोणची आणली. एक सुनंदाचं, एक नसीमने सोबत आणलेलं तिच्या अम्मीचं आणि एक दुकानातलं. मी डोळे मिटून चाखलं आणि ठामपणे सांगितलं, “हे सुनंदाचं. असं लोणचं दुसरं कुणाला जमणारच नाही.” ते दुकानातलं निघालं. नसीम हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेताला आली. सुनंदा पुढे बरेच दिवस माझ्या ताटात लोणचं वाढत नव्हती.

पन्नाशी जवळ आली तेव्हा नसीम उठून संगणक शिकायला गेली. औषधशास्त्राची प्राध्यापक बाई उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पोरापोरींत जाऊन बसली आणि तिथल्या मास्तरला विचारू लागली, की मला प्रथिनांचे अनुक्रम जुळवून बघायचेत, ते कुठून सुरू करू? मास्तरने तिला आधी टायपिंग शिकायला लावलं. तेही ती शिकली. वर्ष-दोन वर्षांत तिचं टेबल बदललं. काचेच्या नळ्या गेल्या, संगणकाचा पडदा आला, आणि पडद्यावर रंगीत फितींच्या गुंत्यासारखी प्रथिनं फिरायला लागली. औषधाचा रेणू शरीरातल्या कोणकोणत्या प्रथिनाच्या खाचेत बसू शकेल, ते ती आधी संगणकावर बघायची आणि मग मला सांगायची, की ह्या बाजूला शोध. उंदीर माझे आणि चित्रं तिची, अशी वाटणी झाली. मला ते फारसं आवडलं नव्हतं. एक तर प्राणीगृहाचा वास घरापर्यंत घेऊन जाणारा मी, आणि वातानुकूलित खोलीत बसणारी ती. दुसरं म्हणजे, ही बाई हाताचं काम का सोडते आहे, याची मला शंका यायची. कॉलेजातही कुजबुज होती. कुणी म्हणे डोळे अधू झाले, कुणी म्हणे परदेशात जायची तयारी चाललीय. मी तिला विचारलं तर म्हणाली, “उंदीर एका वेळेला एकच सवाल का जवाब देतो, जाधव. मला लई सवाल आहेत.”

मग ती वेल आली. फर्दापूरच्या पुढे डोंगराच्या कपारीला ती उगवते. तिच्या मुळीचा काढा तिकडचे काही लोक साखरेच्या आजारावर घेतात, असं माझ्या मेव्हण्याने सांगितलं आणि एक पिशवीभर मुळ्या आणूनही दिल्या. वेलीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ही आठवण छापलेली पुरवणी हातात असतानाच कोणीतरी पातेलं चुलीवर ठेवेल. त्याच सुमाराला सुनंदाला शुगर निघालेली होती, आणि गोळ्यांनी ती काही आवाक्यात येत नव्हती. त्यामुळे ह्या कामात माझा जीव किती गुंतला असेल ते सांगायला नको. मुळीतून आम्ही एक रसायन वेगळं काढलं, उंदरांना दिलं आणि साखर खाली आली. परदा टाकून पुन्हा केलं, पुन्हा खाली आली. नसीमच्या कपाळाची आठी काही केल्या जात नव्हती, पण तिलाही काही सापडत नव्हतं. यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, हृदयाचे आलेख एकदम बिनदोष. आमचा निबंध छापून आला. स्थानिक वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला, त्यात माझे डोळे मिटलेले होते. रसायन वेगळं करण्याची पद्धत आम्ही दोघांच्या नावावर नोंदवली. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. मी सुनंदाला म्हणालो, आता थोडीच वर्षं. पुढच्या चाचण्या झाल्या की तुझ्या ह्या गोळ्या बंद.

आणि एका दुपारी नसीमने मला तिच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर एक प्रथिन होतं, आणि त्याच्या पोटात आमचं रसायन अगदी घरच्यासारखं जाऊन बसलेलं.

“बघ, कुठं जाऊन बसलंय,” ती म्हणाली. “ये दिल का दरवाजा है.”

“चित्र आहे ते,” मी म्हणालो.

“व्हय, चित्रच आहे. म्हणून खात्री नाय.”

“माझ्या उंदरांच्या हृदयाला काही झालं का? आलेख तूच बघितलेस.”

“उंदरांना होणारच नाय. जाधव, ते दिल चूहे का है. तुझं-माझं नाय.”

तिला काय म्हणायचं होतं ते साध्या भाषेत सांगतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं. त्यासाठी पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं असतात. माणसाच्या हृदयात ह्या कामाचा बराच भार एका ठरावीक दारावर असतो. ते अडलं तर धडधाकट माणूस चालता चालता कोसळू शकतो. उंदराचं हृदय मात्र इतक्या वेगाने पळतं, की त्याचं हे काम दुसरीच दारं करतात. त्याचं ते दार बंद करा, त्याला पत्ताही लागत नाही. म्हणजे ज्याला विचारून काही उपयोग नव्हता अशाच साक्षीदाराला आम्ही विचारलं होतं, आणि त्याने सगळं ठीक आहे असं सांगितल्यावर पेढे वाटले होते. गंमत अशी, की हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. पण ते पुस्तकाच्या एका प्रकरणात होतं आणि उंदीर आमच्या प्राणीगृहात. हृदय तपासायला आम्ही उंदीर घेतला, कारण आमच्याकडे उंदीर होते. औषधशास्त्रात जन्म काढलेल्या माणसांशिवाय अशी चूक कुणाला जमायची नाही.

सशाचं हृदय या बाबतीत आपल्यासारखं असतं. सशावर चाचणी करायची तर परवानगी हवी, यंत्र हवं, ते चालवणारा माणूस हवा. आमच्याकडे यातलं एक आलं की दुसरं निघून जायचं. नसीम अर्ज करत राहिली. आणि तोपर्यंत काम बंद, असं तिने जाहीर करून टाकलं. छपाईला गेलेला पुढचा निबंध परत मागवला. मी चिडलो. एका चित्रापायी सगळं बंद? संगणकावर तर अर्धी औषधं अर्ध्या प्रथिनांत बसलेली दिसतात, हे तिनेच मला शिकवलेलं. तिने तेही कबूल केलं. “बसलेलं दिसतं म्हणजे बसतंच असं नाय. पण मला ते दिसलंय ना. आता न दिसल्यासारखं कसं करू?”

इथपर्यंत एखाद्या सरळ माणसाने तिचं ऐकून घेतलं असतं. पण मी सरळ नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी चिकलठाण्याला एका कारखान्यातल्या ओळखीच्याकडे गेलो होतो. परतताना तिथल्याच जालना रोडवरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर नसीम. तिच्यासमोर टाय लावलेला एक माणूस, आणि टेबलावर कसलीशी रंगीत छापील पत्रकं, आयुर्वेदिक चूर्णांची वगैरे असतात तशी. तिने मला पाहिलं नाही. मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गणित बसलं ते बसलंच. काम बाहेर बंद करायचं, जाधवला गप्प करायचं आणि आत एकटीने सौदा करायचा. ते हृदयाचं दार, तो ससा, सगळं निमित्त. हे मी तिला विचारलं का नाही, असं कुणी म्हणेल. विचारायचं कशाला? ज्याच्यावर संशय असतो तो काय खरं सांगणार आहे? आम्ही पुढेही रोज एकत्र डबा खाल्ला. ती माझ्या डब्यातली शेंगांची चटणी उचलायची, मी तिच्या डब्यातली खिचडी. आणि समोर बसलेल्या ह्या बाईने मला विकलं की नाही, हे मी घासागणिक मनात चाचपून बघायचो. माझी तिच्यावर माया नव्हती असं नाही. फार होती. म्हणूनच ते इतकं झोंबत होतं.

वर्षं गेली. कुठलंही औषध बाजारात आलं नाही. त्यानेही माझा संशय कमी झाला नाही, फक्त वाट बघायला शिकला. आम्ही निवृत्त झालो. सुनंदा गोळ्यांवरून इन्सुलिनवर गेली. आणि नसीमला तो आजार निघाला, ज्याचं नाव तिच्या घरात सगळे खालच्या आवाजात घ्यायचे आणि ती एकटी मोठ्याने घ्यायची. डॉक्टर म्हणाले, उपचारांना छान प्रतिसाद आहे. हिने विचारलं, “कुणाच्या तुलनेत?” डॉक्टर बापडे हसले. मग ती हसत नाही हे बघून गंभीर झाले आणि खुर्ची ओढून तिला नीट समजावून सांगत बसले. “अच्छा आदमी है,” ती मला नंतर म्हणाली. “नाय माहीत, असं कबूल केलं.” तिच्याकडून ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कुणाला मिळालेलं ऐकलं नाही.

शेवटची भेट ती जायच्या थोडेच दिवस आधीची. भिंतीला उशी लावून ती बसलेली होती, ओढणीत पार हरवून गेल्यासारखी बारीक झालेली. मी ठरवून गेलो होतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “नसीम, चिकलठाण्याच्या हॉटेलात तुझ्याबरोबर कोण होतं?”

 तिच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. “तू पाहिलंस होय? आणि इतकी वर्षं पोटात ठेवलंस?... हाय अल्ला. काय वाटलं तुला?”

“तूच सांग.”

“मी सांगितलं तर तू मानशील?”

तेवढ्यात अन्वरभाई चहा घेऊन आला, मागोमाग त्याची बायको बिस्किटं घेऊन आली, कोणीतरी मोसंबी सोलायला बसलं. नसीमने डोळे मिटून घेतले. दमली असेल. की टाळलं? निघताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. तो हात मी अजूनही दोन्ही बाजूंनी वाचून बघतो.

हे सगळं इथेच राहिलं असतं, आणि मी ही आठवण लिहायलाही बसलो नसतो. पण ती गेल्यावर काही आठवड्यांनी आमच्या सिडकोतल्या घराची बेल वाजली. दारात एक गृहस्थ, नाव काळे. पूर्वीपेक्षा जाड झालेले, टाय गेलेला, पण मी चेहरा विसरत नाही. तोच तो हॉटेलातला. आधी त्यांनी मॅडमबद्दल दुःख व्यक्त केलं, ते मी ऐकून घेतलं. मग बॅगेतून करार काढला. वेलीच्या मुळीचं चूर्ण, पूरक आहार म्हणून. औषध नव्हेच, त्यामुळे चाचण्यांची कटकट नाही. पद्धत आमच्या दोघांच्या नावावर, म्हणून संमती हवी. मॅडमच्या वाट्याची संमती आता अन्वरभाईंची, आणि अन्वरभाई म्हणाले होते, जाधवसाब सही करतील तर मीपण करतो. म्हणजे सगळं येऊन माझ्या पेनाच्या टोकाशी थांबलं होतं.

“मॅडमची तयारी होतीच हो सर,” काळे म्हणाले. “माझी त्यांची भेट झाली होती ना, चिकलठाण्याला. तेव्हाच हो म्हणाल्या होत्या.”

 आलं, शेवटी बाहेर आलं. “कोणत्या शब्दांत म्हणाल्या?” मी विचारलं.

“शब्द म्हणजे... त्या म्हणाल्या, एकदम सेफ आहे, शंभर टक्के.”

मी कप खाली ठेवला. नसीम शेख उभ्या आयुष्यात कशालाही शंभर टक्के म्हणाली नव्हती. अम्मीच्या हातच्या बिर्याणीलासुद्धा ती ‘आतापर्यंत तरी चांगलीच झालीय’ म्हणायची. “काळे,” मी म्हणालो, “त्या हो म्हणाल्या, तर तेव्हाच का नाही सुरू केलं?”

ते खुर्चीत सरकले. “आता सर, तुमच्यापासून काय लपवायचं. त्यांची एक अट होती. सशाची कसली तरी हृदयाची चाचणी आधी कंपनीने करून घ्यायची. तीही अशी की कोणाला कुठलं औषध दिलं ते करणाऱ्याला कळू द्यायचं नाही, आणि निकाल काय लागेल तो छापायचा, वाईट लागला तरी. म्हणाल्या, एवढं करा, मग पद्धत घेऊन जा, आमचं काही मागणं नाही, जाधवला मी समजावते. आमच्या साहेबांनी सांगितलं, चूर्णाला असलं काही लागत नाही. मग तिथंच राहिलं... पण तो जुना काळ होता सर. आता त्या नाहीत.”

म्हणजे ती विकायला गेली नव्हती, ससा मागायला गेली होती. जे ऐकायला मी इतकी वर्षं आसुसलेला होतो तेच हा माणूस मला सांगत होता, आणि तेही स्वतःच्या फायद्याविरुद्ध. क्षणभर माझे डोळे भरून आले. आणि लगेच मनाने विचारलं, हा आत्ताच एक खोटं बोलला, मग दुसरं खरं कशावरून? आणि तुला हवं तेच नेमकं ऐकू आलं, ह्यावर तू इतका पटकन का विश्वास ठेवतोयस? असा मी. माझी मैत्रीण निर्दोष सुटत होती आणि मी तिच्या सुटकेचे कागद तपासत बसलो होतो. पण खरं सांगायचं तर त्या घडीला प्रश्न नसीमचा उरलाच नव्हता. टेबलावर करार होता. ते रसायन चांगलंही असेल. त्या चित्राखेरीज त्याच्याविरुद्ध आजही काहीच नाही. माझं उभ्या आयुष्यातलं एकच नाव घेण्यासारखं काम ते, आणि एका सहीने ते लोकांपर्यंत जात होतं. उंदरांची साखर खाली आली होती, हे तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. पेन माझ्या हातात होतं, हे मी नाकारणार नाही.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवत म्हणाली, “ह्यांच्याकडं त्या चूर्णाची पुडी असंल ना?”

“आहे ना वहिनी, नमुना आणलाय,” काळेंनी उत्साहाने एक चकचकीत पाकीट काढून ठेवलं.

“मग सही करा की,” ती मला म्हणाली. “मला टोचून टोचून लई वीट आलाय. तेवढी ही पुडी आधी मला द्या. आत्ताच. तुमच्या हातानं.” आणि तिने खरोखरच तळहात पुढे केला.

“नको,” मी म्हणालो.

विचार करून म्हणालो नाही. विचार केला असता तर माझ्याकडे दोन्ही बाजूंची भरपूर कारणं होती. ते आपोआप, जरा मोठ्यानेच, निघालं.   सुनंदाने हात तसाच ठेवला होता, मग सावकाश मागे घेतला. मी करार घडी करून काळेंच्या हातात दिला, वर ते पाकीटही दिलं आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो. तुम्हाला चाचणी करायची असेल तर आजही या, एवढं म्हणालो. ते येणार नाहीत.

आत आलो तर सुनंदाने फ्रीजमधून इन्सुलिन काढलं होतं. पदर बाजूला करून तिने नेहमीसारखं पोटाला टोचून घेतलं आणि तोंड जरासं वाकडं केलं. मी समोर बसून बघत होतो. ते औषध चांगलं होतं की वाईट, मला अजूनही ठाऊक नाही. सुनंदाच्या हातावर ठेवण्याइतकं ठाऊक नाही, एवढं मात्र नक्की कळलं. नसीम एवढ्यावरच तर थांबली होती.